गिरणीच्या दफ्तरातून राजभवनात
सर होमी मोदी यांची कारकीर्द आणि दुकानदारासाठी तिचा हिशेब

गेल्या खेपेला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा कामशेतच्या बाजारातील दोन तरुण व्यापारी दुपारच्या वेळी माझ्या दुकानावर आले. एकाचे रेडिमेड कपड्यांचे दुकान, दुसरा फर्निचरचे काम करणारा कारीगर. दोघांचा प्रश्न एकच होता. "चाचा, लोक उभे राहा म्हणतात. दुकान सांभाळून हे करता येते का? आणि केल्यावर दुकान उरते का?"

मी त्यांना लगेच जवाब दिला नाही. प्रश्न साधा दिसतो, पण तो साधा नाही. व्यापारी राजकारणात गेला तर त्याच्या सचोटीचे काय होते, त्याच्या गिऱ्हाइकांचे काय होते, आणि शेवटी मोठा ओहदा मिळाला तर त्या ओहद्यात खरी ताकद किती असते, हे सगळे त्यात येते. अशा वेळी हवेत बोलण्यापेक्षा एका माणसाचे खाते उघडून पाहावे आणि त्यातली जमा-नावे तपासावी हे बरे. आपल्या कापडाच्याच धंद्यातून वर गेलेले असे एक नाव आहे, सर होमी मोदी. मुंबईच्या गिरणीमालक संघाचे ते अध्यक्ष होते, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि १९४९ ते १९५२ या काळात उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. ते मुंबईचे पारशी. पण त्यांच्या कारकिर्दीचा संबंध आपल्या मावळाशीही येतो आणि आपल्या विणकर बांधवांशीही येतो. तो कसा, ते पुढे पाहू.

मावळचे पाणी आणि मुंबईचे साचे

लोणावळ्याचे वळवण धरण आपण रोज पाहतो. कामशेतजवळच्या आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण आहे. ही धरणे टाटांनी वीज काढण्यासाठी बांधली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. भिऱ्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, हे पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ही वीज जात होती प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांकडे. म्हणजे परळ-लालबागचे साचे आपल्या घाटावरच्या पाण्यावर फिरत होते. त्या गिरण्यांच्या मालकांची बाजू सरकारदरबारी मांडणारा माणूस म्हणजे होमी मोदी.

मोदींचा जन्म १८८१ साली मुंबईत झाला. सुरुवातीचा पेशा वकिलीचा. १९१३ साली ते मुंबई महापालिकेत गेले, तिथे स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि १९२३-२४ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदाला तेव्हा 'अध्यक्ष' म्हणत, 'महापौर' हे नाव नंतर आले. मधल्या काळात, १९२१ साली, त्यांनी फिरोजशहा मेहतांचे मोठे चरित्र इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. महापालिकेचे काम त्यांनी ज्यांच्याकडे पाहून शिकले त्यांचेच ते चरित्र.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोदींनी सार्वजनिक कामाची सुरुवात दिल्लीपासून केली नाही. गटारे, पाणी, रस्ते, बाजारपेठा आणि महापालिकेचा जमाखर्च यांपासून केली. ज्याला आपल्या गावचे अंदाजपत्रक वाचता येत नाही त्याने मोठ्या खुर्चीकडे पाहू नये, हा पहिला सबक त्यातून मिळतो.

त्या काळचा कापडाचा हिशेब

१९२७ साली मोदी मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष झाले, आणि १९२९ नंतर पुन्हा काही वर्षे ते पद त्यांच्याकडे राहिले. तो काळ गिरण्यांसाठी फार कठीण होता. का, ते थोडक्यात पाहू, कारण कापड विकणाऱ्याला ही तिजारत समजली पाहिजे.

पहिली अडचण जकातीची. इंग्रज सरकारने १८९६ पासून हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला होता. लँकेशायरच्या मालाला येथे जकात भरावी लागते, मग येथील गिरण्यांना मोकळे का सोडावे, असा तो विचार. घरच्या मालावर कर आणि बाहेरच्या मालाला सवलत, असा तो उलटा न्याय होता. हा कर १९२५ च्या डिसेंबरात थांबवला गेला आणि १९२६ साली रद्द झाला.

दुसरी अडचण रुपयाच्या भावाची. १९२७ च्या कायद्याने एका रुपयाचा भाव १८ पेन्स ठरवला गेला. व्यापारी मंडळी १६ पेन्स मागत होती. दोन पेन्सचा फरक म्हणजे काय? १६ पेन्सच्या भावाने एका पौंडाचा विलायती माल १५ रुपयांना पडतो. १८ पेन्सच्या भावाने तोच माल १३ रुपये ५ आणे ४ पैला पडतो. म्हणजे पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै विलायती माल स्वस्त. येथील गिरणीला मजुरी रुपयात द्यायची, कर रुपयात भरायचा, आणि बाजारात मात्र या स्वस्त झालेल्या मालाशी टक्कर द्यायची.

तिसरी अडचण जपानची. जपानी कापड स्वस्त होते आणि दरवर्षी वाढत्या प्रमाणात येत होते. सरकारने १९३० साली ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर परदेशी कापडावर २० टक्के जकात बसवली. ती चढत चढत १९३३ साली ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्क्यांवर गेली. जपानने त्यावर आपला कापूस घेणे बंद केले. गिरणीवाल्याला संरक्षण मिळाले, पण वऱ्हाड-खानदेशच्या कापूस पिकवणाऱ्याच्या गाठी पडून राहिल्या. अखेर १९३४ च्या जपानशी झालेल्या करारात जकात ५० टक्क्यांवर आणून वाराचा कोटा ठरला. जपानने १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि ३२.५ कोटी वार कापड पाठवावे, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वारांपर्यंत पाठवावे, असा तो सौदा होता.

या संरक्षणाच्या धोरणाचा पाया कोणी घातला हेही आपल्या वाचकांना माहीत असावे. १९२१ साली नेमलेल्या फिस्कल कमिशनचे अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला होते. तेही मुंबईचे व्यापारी आणि मोदींच्या आधी महापालिकेचे अध्यक्ष झालेले. पुढे ते मुंबई कायदे कौन्सिलचे आणि १९३१ पासून १९३३ पर्यंत दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष होते. या कमिशनने सांगितले की संरक्षण सर्वांना सरसकट देऊ नये. ज्या धंद्याला येथे कच्चा माल, मजूर आणि बाजार आहे, जो मदतीशिवाय उभा राहू शकत नाही, आणि जो पुढे मदतीशिवाय चालू शकेल, अशालाच ते द्यावे. मुलाला दुकान काढून देणाऱ्या प्रत्येक बापाने हे तीन प्रश्न आधी विचारावेत, विशेषतः तिसरा.

मोदी–लीस करार: मधला रस्ता आणि त्याची किंमत

१९३३ साली लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे शिष्टमंडळ सर विल्यम क्लेअर-लीस यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आले. ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या गिरणीमालक संघातर्फे मोदींनी त्यांच्याशी करार केला. त्याला 'मोदी–लीस करार' म्हणतात. त्याची मुदत १९३५ च्या डिसेंबर अखेरपर्यंत होती. त्यातील मुख्य देवघेव अशी:

१. हिंदुस्थानी कापड उद्योगाला संरक्षण मागण्याचा हक्क आहे, हे लँकेशायरने मान्य केले.

२. इतर देशांच्या मालावर ब्रिटिश मालापेक्षा जास्त जकात असावी, हे मुंबईने मान्य केले.

३. सरकारने १९३१ साली लावलेला अधिभार पुढे उठवला, तर ब्रिटिश मालाविरुद्ध नवी मागणी मुंबई करणार नाही.

४. लँकेशायर आपल्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापूस जास्त वापरला जावा यासाठी प्रयत्न करील.

करार जाहीर झाल्यावर मोदींवर चहूकडून टीका झाली. अहमदाबादचे गिरणीमालक विरोधात गेले. स्वदेशीची चळवळ ऐन भरात असताना लँकेशायरशी हात मिळवणे म्हणजे देशाशी दगा, असे राष्ट्रीय विचारांच्या लोकांनी म्हटले. मोदींचा हिशेब वेगळा होता. मुंबईचा तातडीचा शत्रू जपान आहे. दिल्लीचे सरकार इंग्रजांच्या हातात आहे. लँकेशायरचा विरोध मोडल्याशिवाय संरक्षणाचा कायदा टिकणार नाही. मग एका बाजूला थोडे द्या आणि दुसऱ्या बाजूला मोठे घ्या. १९३४ च्या जकात कायद्यात बहुतेक याच गोष्टी आल्या.

कोण बरोबर होते? दोन्ही बाजूंनी विचार करावा. व्यापारी म्हणून मी मोदींचा हिशेब समजू शकतो. पण लोकांना असे वाटले की हा माणूस आपल्या गिरण्यांचा हिशेब देशाच्या नावाने मांडतो आहे, आणि ते वाटणे अगदीच निराधार नव्हते. ज्यांचे हित पणाला लागले होते त्या सगळ्यांना त्यांनी आधी मशवऱ्यात घेतले नव्हते.

हे मी फक्त पुस्तकी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील कापड दुकानदारांवर एका घाऊक पेढीने उधारीची मुदत ६० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली आणि उशिरावर व्याज लावले. सर्वांच्या वतीने मी बोलायला गेलो. दोन तास वाटाघाट करून ४५ दिवस ठरवले, आणि ताक्यात लांबी कमी निघाली तर माल परत घेण्याचे कबूल करून घेतले. सौदा वाईट नव्हता. पण परत आलो तेव्हा निम्मे लोक नाराज. छोट्या दुकानदारांना, जे आठवडी बाजारात बसतात त्यांना, ४५ दिवसही कमी पडत होते. हे मी जाण्यापूर्वी त्यांना विचारलेच नव्हते. त्यात भर अशी की त्या ईदला पेढीने नवा माल सर्वांत आधी माझ्याकडे पाठवला. मी मागितला नव्हता, पण परतही केला नाही. लोकांनी जे समजायचे ते समजले. एका जुन्या मित्राने वर्षभर माझ्याशी सलाम-दुआ सोडून दुसरे बोलणे केले नाही. नुकसान पैशाचे झाले नाही, इज्जतीचे झाले, आणि त्यात माझी चूक होती.

म्हणून सांगतो, इतरांच्या वतीने सौदा करणारा माणूस एकटा जाऊ नये, जाण्यापूर्वी सर्वांत लहान माणसाला विचारावे, आणि त्या सौद्यातून स्वतःला वेगळा फायदा मिळत असेल तर तो त्याच दिवशी नाकारावा.

साच्यामागे उभा असलेला माणूस

मोदींच्या खात्यात आणखी एक पान आहे आणि ते वगळले तर हिशेब खोटा होईल. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. खर्च कमी करण्यासाठी मालकांना विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत असे पाहिजे होते. विणकराला भीती होती की तिसऱ्या साच्याबरोबर शेजारचा माणूस घरी जाईल. या काळात आणि पुढेही मोदी मालकांच्या बाजूने बोलत राहिले. १९३३ साली स्थापन झालेल्या मालकांच्या अखिल भारतीय संघटनेचे, एम्प्लॉयर्स फेडरेशनचे, नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले.

मुंबईच्या साचा खात्यात कोकणी-मराठी कामगारांबरोबर मोठ्या संख्येने आपले मोमीन विणकर होते. ते मदनपुऱ्यात राहत आणि त्यांचे मूळ गाव बहुधा संयुक्त प्रांतात असे. गावी हातमाग बंद पडला म्हणून बाप-दादे मुंबईला आले आणि गिरणीच्या साच्यावर उभे राहिले. नशिबाचा फेरा असा की ज्या मोदींच्या संघाशी ते १९२८ साली भांडले, तेच मोदी १९४९ साली त्यांच्या मुलखाचे राज्यपाल होऊन लखनऊला गेले.

मालकाने मालकाची बाजू मांडावी यात गैर काही नाही. पण तोच मालक जेव्हा सर्वांच्या नावाने खुर्चीवर बसतो तेव्हा जुना पक्ष मनातून काढावा लागतो. ते कितपत जमते, हीच खरी परीक्षा.

दिल्लीतील राजीनामा

मोदी १९२९ ते १९४३ या काळात केंद्रीय विधिमंडळात होते. तेव्हा तेथे व्यापारी संस्थांसाठी वेगळ्या जागा असत. त्यामुळे व्यापाऱ्याचा आवाज तेथे पोहोचे, पण त्याला साध्या मतदाराच्या दारात उभे राहावे लागत नसे. आज ती सोय नाही आणि नाही हे चांगलेच आहे. १९३५ साली सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. पुढे ते टाटांच्या व्यवस्थापनात गेले.

१९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि मोदींकडे पुरवठा खाते आले. युद्धाचा काळ, म्हणजे हे खाते फार मोठे. त्याच मंडळात आपल्या यवतमाळचे माधव श्रीहरी अणे आणि बंगालचे उद्योगपती नलिनी रंजन सरकार होते. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. तेव्हा मोदी, अणे आणि सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

दहा वर्षांपूर्वी लँकेशायरचा मित्र म्हणून ज्याच्यावर टीका झाली, त्याच माणसाने मोठे खाते सोडले. स्वराज्य आल्यानंतर काँग्रेसच्या नेत्यांनी या माणसांना दूर ठेवले नाही, त्याचे एक कारण हा राजीनामा असावा असे मला वाटते. अणे १९४८ साली बिहारचे राज्यपाल झाले, मोदी १९४९ साली संयुक्त प्रांताचे. मोदी संविधान सभेतही होते. तेथे अल्पसंख्याकांच्या चर्चेत पारशी समाजाची बाजू त्यांनी मांडली, आणि अखेर राखीव जागांचा आग्रह त्या समाजाने सोडला.

राज्यपाल: खुर्ची मोठी, दस्तखत दुसऱ्याच्या मशवऱ्याने

संयुक्त प्रांताच्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे मार्च १९४९ मध्ये लखनऊला निधन झाले. २ मे १९४९ रोजी मोदींनी ते पद घेतले. जानेवारी १९५० मध्ये प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले आणि २६ जानेवारीला संविधान लागू झाले. मोदी जून १९५२ च्या आरंभापर्यंत तेथे होते. त्यांच्यानंतर कन्हैयालाल मुन्शी आले. मुख्यमंत्री पूर्ण काळ गोविंद वल्लभ पंत.

आता या पदाचे कायदेशीर स्वरूप समजून घेऊ. आपल्याकडे अनेकांना वाटते की राज्यपाल म्हणजे मुख्यमंत्र्याचा मालक. तसे नाही.

कलम १५५ व १५६: राष्ट्रपती नेमणूक करतात. मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच.

कलम १५७: भारताचा नागरिक आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण. शिक्षणाची किंवा संपत्तीची अट नाही.

कलम १५८: दुसरे कोणतेही लाभाचे पद घेता येत नाही, आणि विधिमंडळाचा किंवा संसदेचा सदस्य राहता येत नाही.

कलम १६३: संविधानाने जेथे स्वतःचा विवेक वापरायला सांगितले आहे ती कामे सोडून बाकी सर्व कामे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

कलम १७६: अधिवेशनात अभिभाषण करायचे. 'माझे सरकार' असे ते म्हणतात, पण मजकूर मंत्रिमंडळाचा असतो.

कलम २००: विधेयकाला संमती देणे, रोखणे, अर्थविषयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवणे, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे.

संविधान सुरू झाले तेव्हा राज्यपालाचे वेतन दरमहा ५,५०० रुपये ठरवले होते. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून ते साडेतीन लाख आहे. मोठ्या उद्योगपतीला त्या ५,५०० चे आकर्षण नसणार. आकर्षण असते ते इज्जतीचे, आणि इज्जत ही अमानत आहे.

खुर्ची आणि माणूस वेगळे कसे, याचे सर्वांत चांगले उदाहरण जमीनदारी निर्मूलनाचे. पंत सरकारने जमीनदारी रद्द करण्याचे विधेयक जुलै १९४९ मध्ये, म्हणजे मोदी आल्यावर दोनच महिन्यांत, मांडले. ते जानेवारी १९५१ मध्ये मंजूर होऊन राष्ट्रपतींकडे गेले आणि २४ जानेवारी १९५१ ला त्यांची संमती मिळाली. जमीनदार न्यायालयात गेले, पहिली घटनादुरुस्ती झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली कायदा वैध ठरवला, आणि १ जुलै १९५२ पासून तो अंमलात आला. जन्मभर मालकाच्या हक्काची बाजू मांडणारा माणूस राजभवनात होता आणि त्याच काळात लाखो कुळांना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला. राज्यपालाचे खाजगी मत काय होते याला येथे किंमत नव्हती. निवडून आलेल्या सरकारचे मत हीच किंमत.

उद्योगपतीला हे काम जड जाते. गिरणीत तो 'हो' म्हणाला की यंत्र सुरू होते. राजभवनात यंत्र दुसरा चालवतो आणि तुम्ही त्यावर मोहोर लावता. पण ही मोहोर निरुपयोगी नाही. मुख्यमंत्र्याला एकांतात मशवरा देणे, फाइल समजावून घेणे, विद्यापीठांचे कुलपती म्हणून लक्ष घालणे, दंगल-दुष्काळात सर्वांना सारखे भेटणे, एवढे काम त्या खुर्चीला पुरेसे आहे.

महाराष्ट्रातील आणखी दोन नावे

आपल्या पिंपरी-तळेगाव भागात ज्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आहेत ते डॉ. डी. वाय. पाटील कोल्हापूर जिल्ह्यातून काँग्रेसचे आमदार होते. संस्थांचे मोठे जाळे उभे केल्यावर ते २००९ साली त्रिपुराचे आणि २०१३ साली बिहारचे राज्यपाल झाले.

नागपूरचे बनवारीलाल पुरोहित हे 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाचे चालक. १९७८ साली आमदार, १९८२ साली राज्यात राज्यमंत्री, पुढे तीन वेळा खासदार. २०१६ साली आसाम, २०१७ साली तामिळनाडू आणि २०२१ ते २०२४ पंजाब असे त्यांचे राज्यपालपद. पंजाबात विधेयकांवरून त्यांचा आणि सरकारचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की संमती द्यायची नसेल तर राज्यपालाने विधेयक विधानसभेकडे परत पाठवावे, ते नुसते अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे मोदींच्या काळी जी गोष्ट रिवाजाने चालत होती, ती आता न्यायालयाला लिहून द्यावी लागते.

व्यापाऱ्याने घ्यायचे धडे

पहिला: खालून सुरुवात करा. वॉर्ड, बाजार समिती, पाणी योजना. जमाखर्च वाचता येणे हे व्यापाऱ्याचे खरे भांडवल आहे आणि ते तेथेच कामी येते.

दुसरा: दोन वह्या वेगळ्या ठेवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदाराच्या मार्फत हिस्सा असेल तर सदस्यत्व जाते. पंचायतीच्या शाळेसाठी गणवेशाचे कापड किंवा कार्यालयाचे टेबल तुमच्या दुकानातून जाणार असेल तर आधी ठरवा, कापड विकायचे की सदस्य व्हायचे. घरपट्टीचे बिल मिळून तीन महिने झाले आणि ते भरले नाही, तरीही अपात्रता येते. अनेक चांगले उमेदवार या लहान रकमेवर घरी बसले आहेत.

तिसरा: दुसऱ्यांच्या वतीने सौदा करताना सर्वांना विचारा, लेखी ठेवा, स्वतःचा वेगळा लाभ घेऊ नका.

चौथा: सोडायची वेळ ओळखा. मोदींचे खाते शेवटी ज्या नोंदीमुळे जमेत गेले ती करार किंवा किताब नव्हती, ती राजीनाम्याची नोंद होती.

पाचवा: खुर्चीची ताकद आणि शोभा यांतला फरक ओळखा. उद्घाटनाची फीत कापणे म्हणजे अधिकार नव्हे.

राज्यपालपद संपल्यावर मोदी पुन्हा उद्योगाच्या जगात परतले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव रुसी मोदी जमशेदपूरच्या टिस्कोचे प्रमुख झाले आणि पिलू मोदी स्वतंत्र पक्षाचे नामांकित खासदार. म्हणजे बापाच्या दोन वाटा दोन मुलांनी वाटून घेतल्या. एकाच माणसाने दोन्ही वाटा एकाच वेळी चालाव्यात असा नियम नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या पंचायतीचे यंदाचे अंदाजपत्रक किती रुपयांचे आहे आणि त्यात बाजारपेठेसाठी किती ठेवले आहेत?

२. तुम्ही १९३३ साली मुंबईत लहान कापड दुकानदार असता तर मोदी–लीस कराराच्या बाजूने मत दिले असते की विरोधात? कारण द्या.

३. तुमच्या दुकानाचा किंवा कारखान्याचा पंचायत, नगरपालिका किंवा सरकारी शाळेशी कोणता व्यवहार आहे? निवडून आल्यास त्याचे काय कराल?

आता त्या दोन तरुणांचे. मी त्यांना हीच कहाणी सांगितली आणि शेवटी म्हणालो, "बेटा, उभे राहा. पण फॉर्म भरण्यापूर्वी तीन कामे करा. घरपट्टीची पावती शोधा, पंचायतीकडे तुमचा कोणता माल जातो ते एका कागदावर लिहा, आणि तुमच्या गैरहजेरीत गल्ल्यावर कोण बसणार ते घरात ठरवा." फर्निचरवाल्याने तो कागद लिहिला तेव्हा त्यात पंचायतीच्या अंगणवाडीच्या कपाटांचे काम निघाले. त्याचे अजून निम्मे पैसे यायचे होते. तो या खेपेला उभा राहिला नाही. म्हणाला, "आधी हे खाते बंद करतो, मग पाहू." कपड्याचे दुकान असलेला उभा राहिला आणि थोड्या मतांनी पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी त्याने शटर उघडले, आणि ज्यांनी त्याला मत दिले नव्हते तेही गिऱ्हाईक म्हणून आले. माझ्या हिशेबाने त्या निवडणुकीत त्याचे नुकसान काही झाले नाही.